अ‍ॅस्पर्जर म्हणायचं की ऑटिझम स्पेक्ट्रम?

मावसबहिणीने परवा मुलाची फाइल समोर ठेवली. २०११च्या रिपोर्टवर ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’, नव्यावर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १’. “कॉलेजात काय सांगू गं?”

मुलगा तोच आहे, नाव बदललंय. ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण, ज्यात लोकांशी संवाद, मिसळणं आणि आवाज-स्पर्श सोसणं अवघड जातं; अ‍ॅस्पर्जर हा त्याचाच सौम्य समजला जाणारा प्रकार. २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमपुस्तिकेत, अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान राहिलं नाही. कारण सारख्याच लक्षणांच्या मुलांना एक डॉक्टर अ‍ॅस्पर्जर म्हणे, दुसरा ऑटिझम.

कागदपत्रांसाठी नवंच नाव हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम स्पेक्ट्रम आहे, अ‍ॅस्पर्जर नाही.

समजुतीचं म्हणाल तर अ‍ॅस्पर्जर ऐकलं की लोक म्हणतात, ‘हुशार आहे, जरा वेगळा’. पण मिक्सर लागला की हाच मुलगा कान घट्ट दाबून जिन्यात जाऊन बसतो. लेव्हल म्हणजे आधार किती लागतो त्याची १ ते ३ अशी पायरी; तिच्यामुळे किमान ती गरज नोंदली जाते. अर्थात ‘लेव्हल १ म्हणजे काहीच नाही’ असंही समजू नये.

आणि ते नाव कोणाचं? व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्जर. नाझी काळात त्यांनी काही मुलांना आम श्पीगेलग्रुंड या दवाखान्यात धाडलं, जिथे अपंग मुलांना मारलं जाई. २०१८मध्ये हे संशोधनातून पुढे आलं. मला ते नाव आता उच्चारवत नाही.

तरी भाच्याला त्याच शब्दात स्वतःची ओळख सापडली आहे. ती हिसकावू नये. कॉलेज, दाखला, थेरपिस्ट यांच्याकडे ऑटिझम स्पेक्ट्रम सांगावं, जुना रिपोर्ट सोबत जोडावा. घरात तो स्वतःला म्हणेल ते.