लो-गेनसाठी फझ घेताय? मग फझचा नॉब बघूच नका

फझ म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, आणि लो-गेन म्हणजे ते फाडणं थोडंच. असे तीन फझ घेतले, त्यातले दोन विकले, जो उरलाय त्याच्याबद्दल लिहितोय. मला भिंत हलवणारा फझ नकोच होता, गिटारच्या साफ (क्लीन) आवाजाला नुसती खरखरीत कड हवी होती, म्हणजे पूर्ण कॉर्ड वाजवली तरी त्यातले सूर सुटे ऐकू यावेत आणि पिक जरा जोरात मारला तरच आवाजाने गुरगुरावं, एवढंच.

पहिला घेतला तो ‘बिग मफ’ नावाच्या फझच्या जातीचा. गेनचा नॉब शून्याजवळ ठेवला की झालं लो-गेन, असं डोक्यात होतं, पण कसलं काय. त्यात चार ट्रान्झिस्टर, मधल्या दोन टप्प्यांत डायोड बसलेत क्लिपिंग करायला, म्हणजे सिग्नलची टोकं कापून आवाज फाडायला, त्यामुळे गिटारचा व्हॉल्यूम उतरवला तरी ते पेडल आपलं घोंगावतच राहतं. सोलो लांबवायला मस्त आहे, पण कॉर्डचा लगदा होतो आणि मिड्स (मधल्या पट्टीतले आवाज) खोल गेलेले असल्यामुळे बँडमध्ये मी कुणालाच ऐकू येत नव्हतो. विकला.

दुसरा होता ‘फझ फेस’ नावाच्या पेडलच्या सर्किटचा, सिलिकॉनचे ट्रान्झिस्टरवाला. हा गिटारचा व्हॉल्यूम उतरवल्यावर बऱ्यापैकी साफ होतो, पण गेन मुळातच इतका की दहापैकी पार ३-४ वर यावं लागतं, आणि वर हिस्स आवाज. एकदा तर मी काहीच वाजवत नव्हतो आणि ॲम्पमधून कुणीतरी बातम्या वाचत होतं! सिलिकॉन फझ रेडिओ पकडतात हे ऐकून होतो, आता पटलं.

आता तिसरा. तेच सर्किट, १९६६ साली लंडनमध्ये आर्बिटरने काढलेलं, पण जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर. फझचा नॉब जवळजवळ फुल आणि गिटारचा व्हॉल्यूम ६ वर. इथेच सगळी मजा आहे. या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) एकदम कमी, त्यामुळे गिटार फुल असताना पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या कॉइलवर, लोड येतो, ट्रेबल दबतो, आवाज जाडजूड होतो. व्हॉल्यूम थोडा उतरवला की पॉटचा (व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या भागाचा) रेझिस्टन्स मधे येतो, सिग्नल कमी होतो आणि पिकअपही मोकळा होतो, म्हणून आवाज मंद व्हायच्या ऐवजी काचेसारखा स्वच्छ होतो. उलट फझचाच नॉब खाली घेतला तर माझ्याकडे आवाज गुदमरतो, गोधडीखालून आल्यासारखा. म्हणून ट्राय करताना गेन नॉब फिरवत बसू नका, आपली गिटार न्या आणि तिचाच व्हॉल्यूम ५ ते ८ मध्ये खेळवून बघा.

सुरुवातीचे आठ दिवस मी या पेडलला शिव्या घातल्या कारण आवाज पत्र्यासारखा येत होता आणि व्हॉल्यूम उतरवून काही फरक पडत नव्हता. चूक माझीच होती, फझच्या आधी ट्यूनर लावला होता आणि त्यात बफर, म्हणजे सिग्नलला जोर देऊन पुढे पाठवणारं सर्किट. बफर मधे आला की पिकअप आणि फझचा संबंधच तुटतो. ट्यूनर फझच्या नंतर लावला, प्रश्न मिटला.

तक्रारी आहेत. माझा पॉझिटिव्ह ग्राउंड आहे (नेहमीच्या पेडल्सच्या उलट, पॉवरचं पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला), म्हणजे बाकीच्या पेडल्सबरोबर एकाच डेझी चेनवर (अनेक पेडल्सना पॉवर देणाऱ्या एकाच वायरवर) लावायचा नाही, पॉवर सप्लायचा वेगळा आयसोलेटेड आउटपुट द्या नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी. बॅटरी खूप चालते, फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढायला विसरू नका. दुसरं म्हणजे उष्णता. मी एकदा तो ट्यूबच्या ॲम्पवर ठेवून विसरलो, अर्ध्या तासाने सूर फुटायला लागला, नोट सुरू व्हायची आणि मधेच तुटायची. तापमान वाढलं की जर्मेनियममधून नकोसा करंट गळणं (लीकेज) वाढतं आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचं ठरवलेलं सेटिंग, सरकतो. म्हणून बाहेरून फिरवता येणारा बायस नॉब असलेलाच घ्या, माझ्यात आहे म्हणून वाचलो. आणि हंबकरच्या (दोन कॉइलच्या) नेक पिकअपवर मला हा आवडला नाही, गढूळ वाटतो, सिंगल कॉइलच्या पिकअपवर मात्र जीव ओवाळून टाकावा असा.

आता एकच भानगड, सगळा टोन गिटारच्या व्हॉल्यूमवर आल्यामुळे माझा जुना पॉट ५ आणि ६ च्या मधे करकरतो ते आत्ता कळतंय, तेव्हा पुढचा खर्च तिकडे.