मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, नागपूर

दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यातून पहाटेच्या एसटीनं निघालो. सोबत दोन लेकरं, बायको अन् माझी आई. १८६३ चा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, भराभर पाहिला. लेकरं खरी रमली ती मोतीबागेत. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट! धाकटीनं हात पसरून मोजूनच पाहिलं.

जुन्या वाफेच्या इंजिनावरून आईचा हात निघेना. तिचं माहेर मूर्तिजापूरचं. पहिल्या बाळंतपणाला ती शकुंतलेनंच, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वेनंच गेली होती. त्या गाडीचाही रूळ एवढाच. आई सांगत होती अन् दोघं गुपचूप ऐकत होते. टीव्हीसमोरही इतके शांत बसत नाहीत.

लेकरांच्या गाडीत दोनदा बसलो. आजीला नक्की सोबत न्या. उन्हाळ्यात सकाळीच जा, दुपारी लोखंड फार तापते.