सॅक एक दाखवली आणि दिली दुसरीच

पन्नास लिटरच्या पुढची ट्रेकिंगची सॅक विकत घेण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी पुढील हकीकत शेवटपर्यंत वाचावी अशी माझी मनापासून विनंती आहे. मोठी सॅक पाठीवर चढवून आणि वजन भरून पाहिल्याशिवाय घेऊ नये, हा सल्ला अनुभवी ट्रेकर नेहमी देतात आणि तो योग्यच आहे. परंतु पुण्याच्या मध्यवस्तीतील एका दुकानात तो सल्ला तंतोतंत पाळूनही माझी फसवणूक झाली, कारण ज्या सॅकची मी चाचणी घेतली ती सॅक मला मिळालीच नाही. प्रकरण ग्राहक आयोगासमोर असल्यामुळे दुकानाचे नाव मी येथे देत नाही. मात्र ही युक्ती त्या एका दुकानापुरतीच असेल असे मला वाटत नाही, म्हणून तिचा तपशील सर्वांना कळावा अशी इच्छा आहे.

उत्तराखंडात हर की दूनला जाण्याचे आमचे ठरले होते. सांक्रीहून तालुका, तिथून ओसला आणि मग पुढची चढण, असा हा मार्ग आहे. हमाल किंवा खेचरे न घेता तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि शिधा आम्ही मैत्रिणींनी वाटून घेऊन आपापल्या पाठीवर न्यायचा, असा बेत होता. सह्याद्रीतील एका मुक्कामाच्या ट्रेकला लहान सॅक पुरते. हिमालयात थंडीचे कपडे आणि झोपण्याचे सामानच एवढी जागा खाते की साठ-पासष्ट लिटरच्या सॅकला पर्याय राहत नाही. माझी अडचण अशी की माझी उंची चांगली असली तरी धड आखूड आहे, आणि मोठ्या सॅकचे माप उंचीवरून ठरत नाही, धडाच्या लांबीवरून ठरते. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी जो ठळक मणका बोटाला लागतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या काठांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने पाठीच्या बाकावरून मोजावे लागते. हे काम एकट्याला जमत नाही, दुसऱ्या कोणाची तरी मदत लागते. माझे हे अंतर १६ इंच भरते. माझ्याएवढ्याच उंचीच्या मैत्रिणीचे १८ इंच आहे, आणि म्हणूनच तिची सॅक मला कधीच नीट बसली नाही.

पाठीवर घेतलेल्या वजनाचा मोठा भाग खांद्यांनी नव्हे तर कमरेच्या हाडांनी पेलायचा असतो, हे एकदा लक्षात आले की मोठ्या सॅकवरच्या सगळ्या पट्ट्यांचा अर्थ लागतो. सॅकच्या पाठीमागच्या भागात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा प्लास्टिकचा ताठ पत्रा असतो, त्याला फ्रेम म्हणतात. ही फ्रेम आतील वजन खाली कमरपट्ट्याकडे पोहोचवते आणि कमरपट्टा ते हाडांवर टेकवतो. खांद्याचे पट्टे सॅकला पाठीशी धरून ठेवतात. त्यांच्या माथ्याजवळून सॅकच्या वरच्या कडेकडे तिरके जाणारे दोन बारीक पट्टे, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते ओढले की सॅकचा माथा पाठीकडे येतो आणि मागे ओढले जाणे थांबते. हे सारे जुळण्यासाठी खांद्याच्या पट्ट्यांचा उगम आणि कमरपट्टा यांच्यातील अंतर धडाच्या लांबीशी मिळावे लागते. चांगल्या सॅकमध्ये हे अंतर कमी-जास्त करण्याची सोय असते, आणि मला नेमकी तीच हवी होती.

दुकानात लावलेल्या एका नामांकित परदेशी कंपनीच्या ६५ लिटरच्या सॅकमध्ये ती सोय होती. विक्रेत्याने माझ्यासमोर मागचा वेल्क्रो सोडवून पट्टे खाली सरकवले, आत वाळूच्या पिशव्या घालून साधारण १२ किलो वजन केले आणि कमरपट्टा आधी, खांद्याचे पट्टे नंतर, लोड लिफ्टर त्यानंतर आणि छातीचा पट्टा सर्वांत शेवटी, या योग्य क्रमाने सॅक बसवून दिली. मी दुकानाच्या जिन्यावरून पुष्कळ वेळ वर-खाली केले. खांद्याच्या पट्ट्याखाली बोटे सहज जात होती, म्हणजेच वजन कमरेवर होते. इतकी नीट बसलेली सॅक मी त्याआधी कधी पाठीवर घेतली नव्हती. किंमत ७,५०० रुपये सांगितली. तीच सॅक इतरत्र जवळपास दुपटीने विकली जाते हे मी बोलून दाखवले, तेव्हा हा निर्यातीतून उरलेला माल असल्यामुळे स्वस्त पडतो, असे उत्तर मिळाले.

पैसे देताच विक्रेता म्हणाला, “मॅडम, हा डिस्प्लेचा पीस हाताळून मळलाय. तुम्हाला वरून सीलबंद देतो.” माळ्यावरून आलेले पाकीट मी तिथेच उघडले. रंग, शिक्का, बकले, पट्ट्यांची संख्या आणि मागचा वेल्क्रो, बाहेरून दिसणारे सगळे अगदी तसेच होते. पक्के बिल मागितल्यावर मशीन बंद असल्याचे सांगून एक हातपावती देण्यात आली आणि बिल संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, असा शब्द मिळाला. बिल आले, पण त्यावर कंपनीचे नाव नव्हते, मॉडेल नव्हते. फक्त ‘ट्रॅव्हल बॅग, १ नग’ एवढेच होते. ते दुरुस्त करून द्यावे असा निरोप मी लगेच पाठवला, त्याला उत्तर आले नाही.

पुण्याचे ट्रेकर मोठ्या मोहिमेआधी सॅक भरून सिंहगड चढतात. मीही आतकरवाडीच्या वाटेने निघाले आणि पहिल्या टप्प्यातच काहीतरी बिघडले असल्याचे जाणवले. दुकानातल्याइतकेच वजन असूनही कमरपट्टा कितीही आवळला तरी घसरत होता, सगळा भार खांद्यांवर येत होता आणि सॅक मागे ओढत होती. लोड लिफ्टर ओढून काहीच फरक पडेना. अर्ध्या चढणीनंतर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. या शेवटच्या लक्षणाकडे कोणीही दुर्लक्ष करू नये. फिजिओथेरपिस्टने मला समजावून सांगितले की मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा गळ्याच्या हाडाखालून जातो, आणि खांद्याच्या पट्ट्यांनी तिथे दीर्घकाळ दाब पडला तर हात कमजोर पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. जड सॅक वाहणाऱ्या सैनिकांत आणि गिर्यारोहकांत हा त्रास वैद्यकशास्त्राला चांगला माहीत आहे, आणि फ्रेम व कमरपट्टा नीट काम करत असतील तर त्याचा धोका कमी होतो. बनावट सॅक विकणारा माणूस केवळ खिशाला चाट लावत नाही, हे मला म्हणूनच ठासून सांगावेसे वाटते. रस्त्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर एखाद्याचा हात निकामी झाला, तर त्याचे काय होईल याचा विचार ही माणसे करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तेव्हा “नवीन सॅक आहे, फोम बसायला वेळ लागतो, दोन-चार ट्रेक करा म्हणजे अंगाला बसेल,” असे सांगून मला परत पाठवण्यात आले. बूट पायाला बसायला वेळ लागतो हे खरे आहे, पण ताठ फ्रेम असलेली सॅक पहिल्या दिवशी वजन कमरेवर नेत नसेल तर ती नंतरही नेणार नाही. हे उत्तर केवळ वेळ काढण्यासाठी होते, आणि वेळ का काढायचा होता ते पुढे कायदा वाचल्यावर कळले.

घरी येऊन मागच्या पॅनेलची शिवण एका बाजूने तपासली आणि नंतर सॅक दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी अस्तर उघडून दाखवले तेव्हा मी थक्क झाले. आत फ्रेम नव्हतीच. पाठीला ताठपणा यावा म्हणून पुठ्ठ्याचा एक जाड तुकडा फोममध्ये घातलेला होता आणि सिंहगडावरच्या घामाने तो मऊ पडला होता. मागचा वेल्क्रो फक्त दिसण्यापुरता होता. त्याच्या आतून खांद्याचे पट्टे कायमचे शिवून टाकलेले होते आणि त्यांच्यापासून कमरपट्ट्यापर्यंतचे अंतर २० इंच भरत होते. म्हणजे माझ्या धडासाठी ती सॅक चार इंच लांब होती आणि ती कमी होण्याचा कोणताही मार्ग नव्हता. लोड लिफ्टर खांद्याच्या पट्ट्यांच्या बरोबरीने, जवळजवळ सपाट शिवलेले होते. ते तिरके वर जात नसतील तर त्यांचा काही उपयोग होत नाही. कमरपट्टा नुसत्या कापडी पाळीला जोडलेला होता. अस्सल सॅकमध्ये जे जे डोळ्यांना दिसते त्या सगळ्याची नक्कल केली होती, आणि ज्याच्यामुळे वजन पेलले जाते ते सगळे वगळले होते.

कापडाविषयी थोडेसेच सांगते. आतल्या बाजूचा पाणीरोधक थर हाताला चिकट लागत होता. आपल्या दमट हवेत जुन्या सॅकचा हा थर काही वर्षांनी चिकट होऊन सोलवटतो, हे सह्याद्रीत फिरणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे; नव्या सॅकचा तसा असणे म्हणजे माल तरी निकृष्ट आहे किंवा वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला आहे.

हर की दूनला मी भाड्याची सॅक घेऊन गेले. पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचे साहित्य भाड्याने देणारे आहेत आणि पहिल्यांदाच मोठी सॅक घेणाऱ्याने आधी भाड्याच्या सॅकवर एक मोठा ट्रेक करावा, असे मी आता आग्रहाने सांगते, कारण आपल्या पाठीला कोणते माप मानवते हे त्यातून पक्के कळते. ती ६० लिटरची होती, दिसायला साधी आणि बऱ्यापैकी झिजलेली, तरी तिच्यात ते सारे सामान मावून वर जागा उरली जे त्या तथाकथित ६५ लिटरच्या सॅकमध्ये कोंबूनही बसत नव्हते. तिची फ्रेम शाबूत होती आणि माप माझ्या धडाला जुळवता येत होते. ओसलापर्यंतच्या चालीत खांदे एकदाही दुखले नाहीत.

परत आल्यावर लेबलची आणि आतील शिवणीची छायाचित्रे मी त्या कंपनीच्या भारतातील वितरकाकडे पाठवली. ही सॅक आमची नाही, असे त्यांनी लेखी कळवले. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराचा खुलासा असा आला की आम्ही यांना साधी ट्रॅव्हल बॅग विकली, त्या कंपनीची सॅक विकलीच नाही. बिलावर नाव का टाकले नव्हते, याचा उलगडा तेव्हा झाला. माझ्या बाजूने भक्कम पुरावा ठरले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण, कारण खरेदीच्या आधी मी त्या मॉडेलचे नाव लिहून किंमत विचारली होती आणि दुकानाने त्याच संदेशाखाली किंमत कळवली होती. पैसेही दुकानाच्या खात्यात न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते, तेही यूपीआयच्या नोंदीवरून दाखवता आले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, किंवा अशी मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. “दोन-चार ट्रेक करा” या सल्ल्याचा हेतू ते तीस दिवस उलटून जावेत हाच होता, असे माझे ठाम मत आहे. मी सिंहगडाच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले होते आणि त्याच संध्याकाळी घडलेले बोलणे संदेशात लिहून पाठवले होते, म्हणून ही मुदत माझ्या हातून गेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क भरावे लागत नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोय असल्यामुळे वकील न लावता मी ती स्वतः दाखल केली.

दुकानात जाणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. जी सॅक वजन भरून पाठीवर चढवली, तीच घरी न्यावी, मळलेली असली तरी. दुसरा पीस देत असतील तर त्यातही तितकेच वजन भरून, तितकाच वेळ जिना चढून पाहावा, आणि याला विक्रेता तयार नसेल तर व्यवहार करू नये. पाठीच्या पॅनेलवरून अंगठ्याने जोरात दाब देत वरपासून खालपर्यंत यावे. फ्रेम असेल तर ती हाताला लागते आणि कमरपट्ट्याच्या पातळीपर्यंत उतरते. माप बदलण्याची सोय त्याच पीसवर स्वतःच्या हाताने सरकवून पाहावी. वेष्टणावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि आयात माल असेल तर मूळ देश छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या पाकिटावर किमतीच्या चिकटपट्टीखेरीज यातले काहीही नव्हते. पैसे देण्याआधी बिलावर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्यावे, आणि मशीन बंद असेल तर ते चालू झाल्यावर पुन्हा यावे.

आयोगाने दुकानाला नोटीस काढली आहे. उघडलेली सॅक, तो पुठ्ठा आणि वितरकाचे पत्र मी जपून ठेवले आहे. गेल्या काही महिन्यांत पुण्यात ‘निर्यातीतून उरलेली’ म्हणून याच पद्धतीने मोठी सॅक घेतलेल्या कोणाला कमरपट्टा घसरण्याचा किंवा हाताला मुंग्या येण्याचा अनुभव आला असेल, तर त्यांनी मागचे पॅनेल दाबून फ्रेम तपासावी, ती नसेल तर सॅक तशीच ठेवून दुकानाला आजच लेखी कळवावे आणि १९१५ वर स्वतःची वेगळी तक्रार नोंदवावी.