जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट: काम चोख, पण 'साफ' करू देऊ नका

आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट मोबाइलवर ऐकता यावी म्हणून पेठेतल्या एका दुकानात दिली होती. साठ मिनिटांच्या कॅसेटचे साडेतीनशे रुपये, पेनड्राइव्ह आपला. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

आधी चांगलं सांगते. ही कॅसेट काकांनी १९८६ च्या उन्हाळ्यात वाईच्या घरी भरलेली. आतली स्पंजची गादी गळालेली, फितीच्या कडेला पांढरी बुरशी. दुकानदारांनी ती तशीच प्लेअरमध्ये कोंबली नाही. पाचही स्क्रू काढले, बुरशी पुसून फीत दुसऱ्या कॅसेटच्या कव्हरात बसवली आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने प्लेअरच्या हेडचा (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळवला. तोवर आजी जणू घोंगडीखालून गात होती. स्क्रू जरासा फिरला आणि 'स', 'श' सुटे झाले. (तासाची फीत उतरवायला तासच लागतो, उगाच घाई करू नका.)

आता तक्रार. फाइल मिळाली ती इतकी स्वच्छ, की जातंच गायब! त्यांच्या सॉफ्टवेअरने दळणाची घरघर ही खरखर समजून पुसून टाकली. अहो, ओवी त्या फेऱ्यावरच चालते. ओळ संपली की आजी मूठभर दाणे टाकायची, जात्याचा आवाज जड व्हायचा, बांगड्या वाजायच्या, मग पुढची ओळ. त्या जागी आता नुसती पोकळी. आत्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आवाज आईचाच गं, पण ही दळत नाहीये."

परत गेले. मूळ, न पुसलेली फाइल त्यांच्याकडे होती, ती लगेच दिली, पैसेही घेतले नाहीत. ती लावली तर आत्या आजीच्या आधीच पुढची ओळ म्हणू लागली. पंचमीला माहेरी न्यायला मुराळी येतो त्या ओवीत आजीने स्वतःच्या भावाचं नाव घातलंय. आत्याचे ते मामा मी फक्त फोटोत पाहिलेत. बैलगाडी कुठे सोडायचे, येताना कुणासाठी काय आणायचे, आत्या सांगत सुटली. एरवी विचारलं तर "आता काय आठवतंय" म्हणून उडवून लावते.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यांतल्या कितीतरी 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत, जरूर ऐका. पण घरच्या माणसांची नावं असलेली ओवी घरच्याच कॅसेटमध्ये सापडणार.

तेव्हा कॅसेट देतानाच सांगा: आधी मूळ फाइल द्या, तीही डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइल प्रकारात). साफ केलेली हवी तर वेगळी. पावतीवर तसं लिहून घ्या. आणि दुसरी बाजू कोरी आहे असं वाटलं तरी ती उतरवायला लावा, आमच्या दुसऱ्या बाजूला शेवटी काका आजीला "झालं का गं?" विचारताना सापडले.