ईबेवरचा परतावा आणि परतीचे टपाल

लंडनमध्ये राहून ईबेच्या लिलावांतून जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे सुटे भाग घेताना मी आता वस्तूच्या किमतीइतकेच लक्ष परतीच्या टपालखर्चाकडे देतो. गेल्या हिवाळ्यात 'काच स्वच्छ' अशा वर्णनाची एक लेन्स घेतली; खिडकीशी धरून पाहिली, तर आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. विक्रेत्याने दोष मान्य केला, पण परतीचे टपाल मीच भरावे असा हट्ट धरला. हे सरळसरळ नियमाविरुद्ध होते आणि मला त्याचा मनस्वी राग आला.

ईबेच्या मनी बॅक गॅरंटीनुसार वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर ती मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत तक्रार नोंदवता येते, मूळ पाठवणावळीसह पूर्ण रक्कम परत मिळते आणि परतीचा खर्चही विक्रेत्यालाच सोसावा लागतो. त्याने कामकाजाच्या 3 दिवसांत प्रश्न सोडवला नाही, तर ईबेला मध्यस्थी करायला सांगता येते. मी बुरशीची छायाचित्रे जोडून तेच केले आणि पैसे पूर्ण मिळाले. ही सोय मला मनापासून आवडते.

निव्वळ मन बदलले, तर मात्र गणित वेगळे. ब्रिटनच्या 2013 च्या ग्राहक करार नियमांमुळे व्यावसायिक विक्रेत्याकडची ऑनलाइन खरेदी वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत रद्द करता येते, पण परतीचे टपाल बहुधा ग्राहकाच्याच माथी येते. खासगी विक्रेत्याला हे नियम लागूच नाहीत. म्हणून बोलीआधी मी त्याच्या पानावरची परतीची अट शब्दन् शब्द वाचतो.