टॉवर की बुकशेल्फ? म्हापशातला चौरस हॉल

भावोजी विचारतायत स्पीकर कुठले घेऊ, टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) की बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे). हॉल साडेतीन बाय साडेतीन मीटर, खाली टाइल्स, सोफा भिंतीला चिकटलेला. अशा चौरस खोलीत 49 हर्ट्झच्या (म्हणजे खोल बेसच्या) आसपास लांबी-रुंदी दोन्हीचा घुमारा एकावर एक चढतो आणि टॉवर नेमका तिथेच जोर लावतो, त्यात मागे पोर्ट (बेस वाढवणारं हवेचं भोक) असेल तर बघायलाच नको, नुसतं घूं घूं. सीलबंद (पोर्ट नसलेल्या) बुकशेल्फचा बेस खोल सुरांकडे जाताना हळूहळू कमी होतो म्हणून भिंतीजवळही निभावतं. बुकशेल्फ स्वस्त, पण स्टँडचे पैसे धरा (दुकानदार सांगत नाही). पावसाळ्यात ओल लागली की एमडीएफ (खोक्याचं दाबीव लाकूड) दोघांचंही फुगतं, कोनच्या (स्पीकरच्या थरथरणाऱ्या शंकूच्या) कडेला फोम नको, रबर बघा. टाइल्सचा खणखणाट मात्र गालिचा नि जाड पडद्यांनीच कमी होणार. तेव्हा भजनं-नाट्यगीतं ऐकणाऱ्या भावोजींना बुकशेल्फ, आणि मोठा हॉल, मागे मीटरभर जागा, दणक्यात ऐकायची हौस असेल त्याने टॉवर घ्यावा.