फोल्डिंग सायकलला हब मोटर: नाशिकच्या रस्त्यांवरचा अनुभव

पंचवटी एक्सप्रेस गाठण्यासाठी घडी घातलेली सायकल हातात घेऊन नाशिकरोड स्थानकाचा जिना चढायचा असेल, तर मोटर निवडताना ताकदीआधी वजन पाहावे लागते. चार-पाच किलोची डायरेक्ट ड्राइव्ह (आत गिअर नसलेली) मोटर बसवली की सायकलची घडी नावापुरतीच उरते. म्हणून माझ्या २० इंची सायकलच्या पुढच्या चाकात मी शहरातील एका दुकानातून दोन किलोच्या आतली, ३६ व्होल्ट, २५० वॉटची गिअर्ड हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी, आत गिअर असलेली) बसवून घेतली, आणि एकंदरीत तो निर्णय योग्य ठरला आहे.

या मोटरच्या आत लहान दातेरी चक्रे आणि फ्रीव्हील (एकाच दिशेने जोर देणारी कळ) असते, त्यामुळे वीज बंद असताना मोटर चाकाला ओढून धरत नाही व सायकल पूर्वीइतकीच सहज चालते. लहान चाकाचा फायदा चढावर दिसतो: मोटरच्या तेवढ्याच पिळात (टॉर्कमध्ये) जमिनीवर अधिक जोर मिळतो, आणि होळकर पुलावरून रविवार कारंजाकडे येताना दम लागत नाही.

दुकानाचे खरे कसब चाक विणण्यात दिसले. हब मोठा आणि रिम लहान असल्याने स्पोक आखूड लागतात व ते रिममधल्या निपलपाशी (स्पोक कसायच्या नटापाशी) तिरके बसून तुटण्याची भीती असते. कारागिराने मापाचे स्पोक करवून घेतले, स्पोक एकमेकांवरून एकदाच ओलांडून (एकच क्रॉस देऊन) चाक विणले आणि आऊट (चाकाचा वाकडेपणा) इतका नीट काढला की ब्रेकचे रबर कुठेही घासत नाही. चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) पोलादी असूनही त्याने टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी पट्टी) न मागता बसवला, कारण मोटरचा आस उलट दिशेने फिरू पाहतो आणि नट सैल झाला तर चिमट्याची खाच फाटते. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात पुढची मोटर बसवण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

वायरिंगबाबत मात्र तक्रार आहे. हँडलच्या बिजागरीपाशी वायरला पुरेशी ढील ठेवली नव्हती, त्यामुळे घडी घालताना ती चिमटत होती. सांगितल्यावर दुरुस्ती विनामूल्य झाली. पण फोल्डिंग सायकलचे काम घेणाऱ्याने ती एकदा तरी घडी घालून पाहायला नको का?

पायडलचा सेन्सर केवळ फिरणे ओळखतो, जोर ओळखत नाही. मोटरची मदत किंचित उशिरा सुरू होते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर चालू राहते, म्हणून द्वारका चौकातील गर्दीत दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर हवेतच. ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे २५० वॉट-तासांची बॅटरी हँडलवरच्या पिशवीत राहते आणि पायडल मारत राहिल्यास साधारण २५ किलोमीटर पुरते. विमानप्रवासात मात्र ती नेता येत नाही, कारण तेथे मर्यादा १६० वॉट-तासांची आहे.

डिस्प्लेमधील वेगमर्यादा काढून देण्याची तयारी दुकानाने दाखवली होती, ती मी नाकारली. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेत राहिले तरच पायडलची सायकल नोंदणीविना चालवता येते.

पावसाळ्यात ओल्या चढावर पुढचे चाक जागीच फिरू शकते, तेव्हा मदतीची पातळी खाली आणावी. पंक्चरसाठी १८ नंबरचा पाना पिशवीत ठेवावा, कारण मोटरचे नट साध्या चाकापेक्षा मोठे असतात.